आपत्तीनंतर माणूस कोणाच्या उपयोगी उरतो?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडची गावे बुडवली. मराठवाड्यात उभी पिके गेलीच, पण कित्येक शेतांतली माती खरडून खालचे दगड उघडे पडले. पाणी ओसरले नव्हते तोच आपल्याकडचा ठरलेला वाद पुन्हा सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, शेतकऱ्याचे मन खचले आहे, त्याला धीर द्या, समुपदेशक पाठवा, व्याख्याने ठेवा, हेही दिवस जातील हे त्याला पटवा. दुसरा पक्ष उसळून म्हणाला, धीराने पोट भरत नाही. कर्ज माफ करा, सोयाबीन-कापसाला भाव द्या, मदत वाढवा, मन आपोआप थाऱ्यावर येईल. दोन्हीकडची माणसे कळवळ्यानेच बोलत होती. तरी हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला चुकीची वाटते, आणि ही चूक माणसांच्या जिवावर बेतणारी आहे. दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच असते: एक माणूस हात पुढे करून बसला आहे आणि त्या हातावर काय ठेवायचे हे आपण ठरवायचे आहे, पैसे की उपदेश. तो हात स्वतः काही करू शकतो, ही शक्यता वादात कुठेच येत नाही.

माझे म्हणणे असे आहे. सगळे वाहून गेल्यावर जगायचे कशासाठी, हा प्रश्न त्या माणसाच्या मनातला खासगी प्रश्न मानून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बाहेरून कोणी कोणाला सांगू शकत नाही, हे खरे. पण ज्या परिस्थितीत ते उत्तर सापडते ती परिस्थिती राखणे किंवा मोडणे शासनाच्या, संस्थांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात असते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, आपला शब्द चारचौघांत धरला जातो, आपल्या हातून टिकेल असे काही होते, एवढे ज्याला दिसत राहते तो फार मोठा घाव सोसतो. हे ज्याच्यापासून काढून घेतले जाते त्याला पैसाही पुरत नाही आणि गोळीही पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली, १९४८ पासून लागू असलेली व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची आहे. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्याला एक आध्यात्मिक अंगही असते हे ठरावाने मान्य केले, पण मूळ व्याख्या होती तशीच राहिली. स्वीडनसारख्या देशांत अलीकडे या अंगाला, म्हणजे जगण्याला अर्थ वाटण्याला, अस्तित्वविषयक आरोग्य म्हणतात. हे ऐकल्यावर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया येते ती अशी की हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. आधी भाकरी, मग मान, मग जगण्याचा अर्थ, अशी उतरंड आपण गृहीतच धरतो. आक्षेपात दम आहे. उपाशी माणसापुढे तत्त्वज्ञान मांडणे क्रूरपणाचे आहे, आणि घरातले धान्य भिजून कुजले असताना पहिले काम धान्य पोचवण्याचेच असते. पण ही उतरंड खरोखर अशीच चालते का?

१८७६-७७ च्या दुष्काळाकडे बघा. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कापून दिवसाला एक आणा आणि जेमतेम अर्धा किलो धान्य एवढी केली. त्याच सुमाराला लोकांना गावाजवळच्या कामांवरून काढून लांबच्या मोठ्या कामांवर, छावणीत राहायला भाग पाडले जाऊ लागले. माणूस खरोखरच अडला आहे की नाही याची ती परीक्षा होती: अडला असेल तर घरदार सोडून येईल. जानेवारी १८७७ मध्ये दख्खनमधल्या लाखभर माणसांनी या अटींवर काम करायला नकार दिला आणि ती कामावरून उठली. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने त्यांची बाजू सरकारपुढे लावून धरली. भाकरी आधी आणि मान नंतर हा नियम खरा असता तर ही माणसे निमूट खडी फोडत राहिली असती, कारण त्यांच्याइतके उपाशी त्या वेळी दुसरे कोण होते? त्यांच्या दृष्टीने मजुरी आणि मान या दोन वेगळ्या मागण्या नव्हत्याच.

त्याआधी अडीचशे वर्षांपूर्वीचा, १६३० च्या सुमाराचा दुष्काळ तुकोबांनी भोगला. त्यांची पहिली बायको त्यात अन्न अन्न करीत गेली. आपल्या अभंगात ते दुष्काळाने काय नेले ते सांगतात तेव्हा द्रव्य आणि मान ही दोन्ही नावे एका दमात घेतात. दिवाळे निघालेल्या दुकानदाराचा तो अनुभव आहे. पैसा बुडाल्यावर गावात आपण कोण उरलो, हा प्रश्न त्यालाही पैशाइतकाच झोंबला होता. पण तुकोबांचे नाव घेताना एक सावधगिरी हवी, कारण उपदेश करणारा पक्ष त्यांनाच पुढे करतो. दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे तुकोबा म्हणाले खरे. ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले. दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन, तुझे बुडाले ते बरे झाले, असे ते कोणाला म्हणाले नाहीत. उलट परंपरा सांगते की वडिलार्जित कर्जखतांतला आपल्या वाट्याचा अर्धा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडवला. ज्याला स्वतःच्या दुःखाचा अर्थ लागला त्याने दुसऱ्यांच्या डोक्यावरचे देणे उतरवले. मंचावरून धीर देणाऱ्या वक्त्यांनी या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

म्हणून दुसऱ्या पक्षाचा मोठा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जगण्याच्या अर्थाची चर्चा पुष्कळदा अन्यायावर पांघरूण घालते. आयात-निर्यातीच्या एका निर्णयाने भाव कोसळतो, विमा कंपनी पंचनाम्यातली तारीख दाखवून दावा फेटाळते, पीककर्ज न मिळाल्याने माणूस सावकाराच्या दारात जातो, आणि मग त्याला आपण म्हणतो, सकारात्मक राहा. हा त्याचा अपमान आहे. माणसाला खड्ड्यात कोणी लोटले हे विचारायचे सोडून त्याच्या चढण्याच्या जिद्दीचे कौतुक करणारा समाज लोटणाऱ्याच्या बाजूचा असतो. पण यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. अन्याय दूर केला, पैसा पोचवला की बाकीचे आपोआप होते, हे खरे नाही. पैसा कसा पोचतो, कोणाच्या हातून, कोणता प्रश्न विचारून, यावर ते अवलंबून असते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गाव आहे. सगळे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास प्रत्येक घर बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायसेल यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारभत्ता मिळत होता, तुटपुंजा का होईना. वेळ तर भरपूर होता. अशा वेळी लोक जास्त वाचतील असे वाटेल, पण गावच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके दोन वर्षांत निम्म्यावर आली. संशोधकांनी गावच्या रस्त्यावर लोकांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, थांबत, पुन्हा चालत, कारण त्यांना कुठेच वेळेवर पोचायचे नव्हते. बायकांची चाल मात्र झपझप होती. त्यांच्यामागे घरचे काम तसेच होते, किंबहुना वाढले होते. ज्यांना वाटते की बेकारी म्हणजे फक्त उत्पन्न जाणे, त्यांनी या रस्त्यावरच्या चालीचा विचार करावा. भत्त्याने चूल पेटत होती, पण सकाळी उठून कोणी आपली वाट बघते आहे असे त्या पुरुषांना उरले नव्हते.

त्याच काळात व्हिएन्नात व्हिक्टर फ्रांकल नावाचा तरुण मानसोपचारतज्ज्ञ बेकार तरुणांना भेटत होता. हा माणूस पुढे नाझी छळछावण्यांतून जगून बाहेर आला, पत्नी आणि जवळची माणसे गमावून, आणि जगण्याच्या अर्थाबद्दल त्याने जे लिहिले ते जगभर गेले. आज आपल्याकडे प्रेरणादायी भाषणांत त्याचे नाव घेतात ते एवढ्यासाठी की परिस्थिती काहीही असो, दृष्टिकोन आपल्या हातात असतो. त्याने असे म्हटले आहे, यात शंका नाही. पण छावणीच्या आधीचा फ्रांकल कोणी सांगत नाही. त्या बेकार तरुणांच्या खिन्नतेबद्दल त्याचे निदान असे होते की काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझे जगणे निरर्थक, अशी साखळी त्यांच्या मनात बसली आहे. यावर त्याने त्यांना दृष्टिकोनाचे धडे दिले नाहीत. त्यांना युवक संघटनांत, प्रौढशिक्षणाच्या वर्गांत, सार्वजनिक वाचनालयांत कामाला लावले. पगार नव्हता, पोटातली भूक तशीच होती, पण खिन्नता उतरली, असे त्याने नोंदवले आहे. यावरून बेकारांकडून फुकट राबवून घ्यावे असे कोणी काढू नये. मजुरी मिळालीच पाहिजे. मुद्दा असा की अंतर्मनाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याला आपण डोक्यावर घेतो त्यानेही उपाय शोधला तो चार माणसांत, कामात.

आता डॉक्टरांचा आक्षेप. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि अर्थ शोधायला सांगण्याने आजारी माणूस उपचारापासून लांब जातो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आत्महत्येचे विचार येणाऱ्याला आजच्या आज आधार लागतो, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनीसेवेचा क्रमांक त्यासाठीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत मानसिक आरोग्याचा विश्राम नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेजारच्या गावांशी तुलना करून केलेली ही चाचणी नव्हती, म्हणून त्यातून सगळेच सिद्ध होते असे नाही. तरी एवढे दिसते की सेवा दारात गेली तर लोक ती घेतात. पण ती दारात नेली कोणी? थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या साध्या कार्यकर्त्यांनी. ज्यांना गावाची बोली येते, कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे कळते, आणि उद्याही जे गावात दिसणार आहेत. राज्य शासनाच्या, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पातही घरोघर जाते ती आशाताईच. म्हणजे जिथे उपचार पोचला तिथेही तो गावातल्या नात्यांच्या वाटेने पोचला. आणि गोळी घेऊन झोप लागली, डोके जरा हलके झाले, तरी सकाळी तो माणूस उठून ज्या घरात, ज्या भावकीत, ज्या कार्यालयाच्या रांगेत जातो तिथे त्याला काय मानले जाते? हा प्रश्न औषधाच्या कक्षेबाहेर आहे. डॉक्टरांनाही हे ठाऊक असते.

त्या रांगेबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. शेतकरी आत्महत्या झाली की महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रकरण जाते. २००६ च्या शासन निर्णयापासून एक लाख रुपयांची मदत आहे. नावावर जमीन आहे का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, ते थकले आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून मृत्यू पात्र किंवा अपात्र ठरतो. नातेवाइकाकडून घेतलेले उसने या हिशेबात बसत नाही. आयुष्यभर रानात राबलेल्या बाईच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून तिचा मृत्यू बहुधा शेतकऱ्याचा मृत्यू म्हणून मोजलाच जात नाही. सार्वजनिक पैसा आहे, निकष लागणारच, हे मला समजते. पण नवरा गेल्यावर महिन्याभरात ज्या बाईला अपात्र असा शेरा मारलेला कागद हातात मिळतो, तिला शासन काय सांगत असते? तिच्या घरातल्या मरणाला कारण नव्हते, असे. पैसा देणारी यंत्रणा अर्थ देत नाही असे आपण समजतो. ती देते. बऱ्याचदा वाईट देते.

या सगळ्यावर सर्वांत बिनतोड आक्षेप मी अजून मांडलेला नाही. तो असा: माणसाला कोणाच्या तरी उपयोगी असण्याने बळ मिळते असे तुम्ही म्हणता, पण आपल्याकडचा शेतकरी मरतो तो याच ओझ्याने. मुलीचे लग्न, मुलाची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, बँकेचा हप्ता. सगळ्यांना तो हवा आहे, आणि म्हणूनच तो मोडतो. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही तो कदाचित सुखाने जगेल.

या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला आकार येतो, म्हणून त्यावर थांबतो. हप्ता भरणारा, हुंडा जमवणारा, बियाणे-खत उधारीवर आणणारा हा माणूस सगळ्यांना हवा असतो तो एकाच गोष्टीसाठी, पैशासाठी. त्याचे बाकीचे सगळे मोल गेल्या दोन पिढ्यांत हळूहळू गळून पडले आहे. कोणत्या रानात कोणते वाण येते हे आता दुकानदार सांगतो. पाऊस कधी येणार हे मोबाइल सांगतो. भांडण मिटवायला गाव पोलीस ठाण्यात जाते. बापाने मुलाला शिकवावे असे शेतीतले काही उरले नाही, कारण मुलाने शेती करू नये हीच बापाची इच्छा आहे. मग माणसाची सगळी किंमत एका आकड्यात येऊन बसते, आणि एका पावसात तो आकडा उणे होतो. तेव्हा त्याला वाटते की आपण नसलो तर निदान देणे तरी मिटेल. आपल्या असण्याचे त्याला दिसणारे एकमेव मोजमाप तेच राहिलेले असते. म्हणून नुसते कोणाला तरी हवे असणे पुरत नाही. माणूस एकापेक्षा अधिक कारणांनी हवा असला पाहिजे, आणि ज्या निर्णयांचे परिणाम त्याने सोसायचे त्या निर्णयांत त्याला बोलता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या विधवेकडे बघितले की हे जास्त नीट कळते. ती मुलांसाठी खंबीरपणे जगते आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. पण जमीन तिच्या नावावर होत नाही, भावकीच्या बैठकीत तिला विचारत नाहीत, देणे मात्र तिच्या दारात येते. गरज आहे आणि शब्द नाही, ही अवस्था माणसाला झिजवते. तिच्या खंबीरपणाचे गोडवे गाताना आपण तिची सोय करायचे टाळतो, हे कबूल केले पाहिजे.

१९७२ चा दुष्काळ या बाबतीत पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलो ज्वारी खाऊन आणि सुकडीवर दिवस काढून लोकांनी खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खांदले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. उन्हात भाजत, तान्ही लेकरे झाडाखाली ठेवून बायांनी दगड फोडले आहेत, आणि मस्टरवरच्या अंगठ्यांत गैरव्यवहारही झाले. तरी त्या पिढीतल्या माणसाला पाझर तलावाजवळ नेऊन उभे करा. तो म्हणतो, हा आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खांदलाय. पन्नास वर्षांनीही तो कोणत्या बाजूचा भराव कोणत्या गावाच्या टोळीने घातला ते सांगतो. त्याच दुष्काळात रस्त्याकडेला फोडून ठेवलेल्या आणि कधीच वापरल्या न गेलेल्या खडीच्या ढिगांबद्दल मात्र तो काही बोलत नाही. मजुरी दोन्हीकडे सारखीच होती. एक काम त्याच्या आठवणीत त्याचे झाले, दुसरे नुसती शिक्षा राहिली. आज खात्यावर थेट जमा होणाऱ्या मदतीमुळे मधले दलाल टळले, ही मोठीच गोष्ट आहे आणि ती उलटवू नये. पण नुसत्या खात्यावरच्या जमेने माणसाला पुन्हा गावाच्या कामात आणता येत नाही.

किल्लारीच्या भूकंपाकडून तर याहून जास्त शिकण्यासारखे आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला आले होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, अधिकृत आकड्यांप्रमाणे, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. देशभरातून मदतीचा ओघ लागला. ५२ गावे जागची उठवून नव्या ठिकाणी वसवली. रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरे, भूकंपाला टिकणारे बांधकाम. घरे भक्कम होती आणि त्या भीतीत लोकांना भक्कम घरेच हवी होती, हे विसरता कामा नये. पण घर ठेकेदाराने बांधले आणि मालकाला किल्ली दिली. जुन्या गल्लीतला शेजार तुटला, ओटा गेला, जनावरे बांधायची जागा गेली. कित्येकांनी पुढे पक्क्या घराशेजारी पत्र्याची शेड टाकून तिथेच संसार मांडला. ज्याच्या घरातली चार माणसे गेली होती त्याला वर्ष-दोन वर्षे कामच नव्हते. बसून राहायचे, मदतीच्या गाड्या बघायच्या, आणि नुकसानभरपाईचा पैसा हातात येत होता. दारूच्या तक्रारी त्या काळात भागातून ऐकू येत त्या उगाच नव्हेत.

याच पुनर्वसनाचा दुसरा भाग वेगळ्या तऱ्हेने चालला. ज्या गावांत घरे पडली नव्हती पण तडकली होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच करायचे होते. पैसे टप्प्याटप्प्याने, काम बघून. या कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभे केले. उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या या बायका अभियंत्याबरोबर घरोघर फिरू लागल्या. भिंतीतून आरपार जाणारा दगड कुठे घालायचा, कोपरे कसे बांधायचे, हे त्या शेजारणींना समजावू लागल्या. कोणाचा हप्ता अडकला आहे ते तालुक्याला जाऊन विचारू लागल्या. यांच्या घरातलीही माणसे दगावली होती, यांनाही रात्री जमीन हलल्याचा भास होत होता. त्यांचे दुःख कामाने नाहीसे झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले तेव्हा लातूर भागातल्या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. भूकंपानंतर काय काय होते, कोणत्या अर्जावर काय लिहायचे, पहिल्या वर्षी काय सोसावे लागते, हे सांगायला. किल्लारीच्या त्या पहाटेला कोणताही अर्थ नव्हता. जमिनीखालचे खडक सरकले, बस्स. पण त्या पहाटेनंतर जे शिकावे लागले ते सात वर्षांनी दुसऱ्याच्या कामी आले, आणि हे ज्यांनी केले त्या बायांना दुःखाचा अर्थ शोधा असे कोणी शिकवले नव्हते.

सीनाकाठच्या एका गावात पुरानंतर मी शाळेच्या वर्गात शिधावाटप बघितले. शहरातून आलेल्या एका संस्थेची तरुण मुले मनापासून राबत होती. पिशव्या एकसारख्या भरलेल्या, नावांची यादी तयार, प्रत्येक पिशवी देताना फोटो. रांगेत उभी असलेली माणसे खाली बघत होती. रांगेतल्याच एका बाईने हळूच सांगितले, हिच्या घरातली चूल अजून ओली आहे, हिला तूरडाळ देऊन काय उपयोग, पोहे-मुरमुरे द्या. पलीकडच्या आजींकडे सिलिंडर आहे, डाळ तिकडे जाऊ द्या. आणि मळ्यातल्या दोन घरांना रस्ताच नाही, ती यायची नाहीत. संस्थेच्या एका मुलीने शहाणपणाने यादी तिच्याच हातात दिली. अर्ध्या तासात वर्गाचे रूप बदलले. तीन-चार बाया खाली बसून पिशव्या सोडून पुन्हा बांधू लागल्या. दोन बापे ट्रॅक्टर काढायच्या मागे लागले. कोणीतरी मोठ्याने भांडू लागले, आणि ते भांडण ऐकून मला बरे वाटले, कारण सकाळपासून त्या वर्गात कोणी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी वाटलेले धान्य तेवढेच होते. मदत जास्त नीट पोचली हा फायदा झालाच, पण मदत घेणारी माणसे त्या अर्ध्या तासात पुन्हा गावकरी झाली.

श्रद्धेचे काय, असे कोणी विचारील. वारी, भजनी मंडळ, कीर्तन, तेराव्याला जमणारा गोतावळा यांनी शतकानुशतके हेच काम केले आहे, आणि ज्याला तो आधार आहे त्याच्याकडून तो काढून घ्यायचा अधिकार कोणालाच नाही. मी एवढेच म्हणेन की त्यातही माणसाला धरून ठेवते ते निव्वळ सांत्वन नसते. दिंडीत टाळ कोणी धरायचा, पाण्याचा टँकर कोणी बघायचा, हे ठरलेले असते. आणि प्रारब्धाच्या नावाखाली पाझर तलावाचा फुटलेला सांडवा झाकला जाणार असेल तर तिथे श्रद्धेने बोलले पाहिजे.

मग करायचे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या मदतीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख रुपयांपर्यंतची तरतूद सांगितली आहे. रकमेवरून वाद होत आहेत, ते व्हावेत. ज्या जमिनीला दोन-दोन फूट माती गेली तिथे ही रक्कम पुरणार नाही असे मलाही वाटते. पण त्या रोजगार हमीच्या भागावर कोणी बोलत नाही. माती कुठून आणायची, कोणत्या तलावातला गाळ काढायचा, कोणाच्या रानापासून सुरुवात करायची, बांध कुठे घालायचा, विधवेच्या आणि कुळाच्या वावराचे काय, हे सगळे ग्रामसभेत ठरू शकते. तालुक्याच्या कार्यालयात ठरून ठेकेदाराच्या जेसीबीनेही ते होऊ शकते. दुसऱ्या मार्गाने काम लवकर होईल हे खरे आहे, आणि काही ठिकाणी यंत्राशिवाय गत्यंतर नाही हेही खरे आहे. यंत्र लावा, पण यादी गावाला करू द्या, मोजमाप गावासमोर करा, मस्टरवर बायांची नावे त्यांच्या स्वतःच्या खात्यांसह घ्या. आशाताईला तिच्या भेटींचे मानधन वेळेवर द्या आणि ज्या घरात माणूस बोलेनासा झाला आहे ते घर पहिल्या टोळीत घ्या, कारण त्या घराला माती आणि माणसे दोन्ही लागणार आहेत. खरिपाच्या पेरणीआधी हे झाले पाहिजे. पहिला पाऊस पडल्यावर टाकलेली माती पुन्हा वाहून जाते, आणि ज्याने ती वाहताना दुसऱ्यांदा बघितली त्याच्याकडे आपण कोणता समुपदेशक पाठवणार आहोत?